चार ओळी

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या घरात माझ्या कागदांवर संक्रांत येते. सौभाग्यवतींचा हुकूम सुटतो, "माळ्यावरचं सगळं खाली काढा. यंदा काही दयामाया नाही." मग मी शिडी लावतो, ट्रंका खाली येतात, आणि ओटीवर कागदांचे दोन ढीग पडू लागतात. एक ढीग रद्दीवाल्याचा. दुसरा परत ट्रंकेत जाण्याचा. गेली पन्नास वर्षे हा सोहळा असाच चालला आहे, आणि या पन्नास वर्षांत दोन ढिगांची वाटणी कशी करावयाची याबद्दल आमच्या घरात कधी मतभेद झाला नाही. वर्तमानपत्रे पहिल्या ढिगात, दिवाळी अंक दुसऱ्या. पहिल्या ढिगातली निम्मी पाने स्वयंपाकघरात जातात आणि त्यांच्यावर चकल्या पाडल्या जातात. वर्तमानपत्र चकलीखाली आणि दिवाळी अंक उशीखाली, अशी ही दोघांची जन्माची ठरलेली जागा!

वाचकहो, आपल्या घरीही थोड्याफार फरकाने असेच चालत असेल. आणि आपणही माझ्यासारखेच मनाशी म्हणत असाल की, यात वावगे काय आहे? बातमी एका दिवसाची, साहित्य चिरकालाचे. कालची बातमी आज शिळी होते. शिळ्या बातमीवर तेल टिपले तर बिघडले कुठे?

मीही अनेक वर्षे असेच म्हणत होतो. पण माझ्या जुन्या काळ्या ट्रंकेच्या तळाशी दोन कागद आहेत. एक आहे एका दिवाळी अंकातून काढून घेतलेली माझी कथा, चौदा पानांची, सुरुवातीला चित्र असलेली. दुसरा आहे वर्तमानपत्रातल्या चार ओळींची, हाताने उतरवून खाली शिक्का मारलेली प्रत. हे दोन्ही कागद एकाच प्रसंगाबद्दल आहेत आणि दोन्ही मूळचे माझेच आहेत. यंदा ते पुन्हा हाती आले आणि शिडीच्या दुसऱ्या पायरीवरच मी खाली बसलो.

आमचे गाव थळ. अलिबागच्या उत्तरेला, समुद्राच्या अगदी काठाशी. पाठीमागे नारळी-पोफळीच्या वाड्या, पुढे कोळीवाडा, आणि कोळीवाड्याच्या पुढ्यात दर्यात उभे असलेले दोन जलदुर्ग, खांदेरी आणि उंदेरी. खांदेरी शिवाजी महाराजांनी १६७९ साली बांधायला घेतला आणि सिद्दीने उत्तरादाखल शेजारची उंदेरी धरली. त्या काळी खांदेरीला रसद जाई ती थळच्या किनाऱ्यावरून. इतिहासाची पुस्तके वाचणाऱ्याला ही नावे मोठी वाटतात. आम्हांला मात्र खांदेरी म्हणजे रात्री ठराविक वेळाने डोळा मिचकावणारा दीपस्तंभ. १८६७ सालापासून तो तिथे आहे. आणि कोळ्यांना खांदेरी म्हणजे वेताळ. नवस त्याचा, भीती त्याची आणि भरवसाही त्याचाच.

अशा गावात मी प्राथमिक शाळेचा मास्तर होतो. पगार बेताचा, वाचनाचे वेड मोठे. अलिबागला छापल्या जाणाऱ्या एका पत्राला थळचा वार्ताहर हवा होता. मी अर्ज केला. वार्ताहर म्हणजे काय, तर महिन्याकाठी चहापाण्यापुरते पैसे आणि गावात थोडा मान. बातमी लिहावयाची, पाकिटात घालावयाची आणि दुपारच्या एस. टी.च्या कंडक्टरच्या हाती द्यावयाची. कंडक्टर ते अलिबागच्या स्टँडवर एका पानपट्टीवाल्याकडे ठेवी, आणि तिथून छापखान्यातला पोऱ्या ते नेई. बातम्या तरी कसल्या! पांढऱ्या कांद्याच्या माळांना यंदा भाव बरा आला. वाडीत वणवा लागला. खांदेरीच्या जत्रेला गर्दी झाली. मी मात्र प्रत्येक बातमीत थोडे साहित्य घालीत असे. सूर्य नुसता मावळला असे मी कधी लिहिले नाही. तो नेहमी 'पश्चिमेच्या कुशीत' मावळे.

संपादक हे साठीचे गृहस्थ होते. धोतर, काळी टोपी, आणि कानावर लाल पेन्सिल. माझी पहिली बातमी छापून आली तेव्हा सूर्य, कुशी आणि पश्चिम, तिन्ही गळाले होते. मी तक्रार केली. ते म्हणाले, "मास्तर, कोण, कुठे, केव्हा, किती, एवढं आधी सांगा. मग जागा उरली तर सूर्य घालू." जागा कधी उरली नाही.

मला हा माणूस अरसिक वाटे. मनातल्या मनात मी त्याला हरिभाऊंचे, खाडिलकरांचे दाखले देत असे. कारण मराठीत साहित्य आणि वर्तमानपत्र ही दोन निराळी घराणी कधी नव्हतीच. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढला तेव्हा मराठी गद्याला आजचे रूप यावयाचे होते. ते रूप बऱ्याच अंशी नियतकालिकांच्या रकान्यांतच घडले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ ची. तीच लेखणी १८८१ साली 'केसरी'त उतरली. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक सुरू केले आणि 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी त्यातून हप्त्याहप्त्याने दिली. यमूचे दुःख महाराष्ट्राने प्रथम वाचले ते बांधीव पुस्तकात नव्हे, साप्ताहिकाच्या पानांवर, पुढच्या अंकाची वाट पाहत. शिवरामपंत परांजप्यांची वक्रोक्ती लोक आज वाङ्मय म्हणून वाचतात, पण ती लिहिली गेली १८९८ साली निघालेल्या 'काळ' पत्राच्या गरजेपोटी. 'कीचकवध' लिहिणारे खाडिलकर 'केसरी'त संपादकाचे काम करीत आणि १९२३ मध्ये त्यांनी स्वतःचा 'नवाकाळ' काढला. माडखोलकर नागपूरला 'तरुण भारत' चालवीत आणि कादंबऱ्याही लिहीत. अत्र्यांबद्दल तर बोलावयास नको. १९४० चे 'नवयुग' आणि १९५६ चा 'मराठा' यांतला अग्रलेख कुठे संपतो आणि नाटक कुठे सुरू होते, हे त्यांना तरी सांगता आले असते की नाही कोण जाणे! पुढे अरुण साधूंनी बातमीदारीत पाहिलेली मुंबई 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्यांत आणली. आणि ज्या दिवाळी अंकाला आपण साहित्याचे माहेर म्हणतो, तोही नियतकालिकाच्याच पोटी जन्मला. का. र. मित्रांच्या 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली ती प्रथा पाडली.

आमच्या जिल्ह्यातही हे नाते होतेच, पण ते निराळ्या जातीचे होते. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा. रायगड हे नाव १९८१ साली आले. अलिबागजवळच्या चरी गावी १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप केला, जमिनी कसावयाच्या नाहीत म्हणून ठरविले, आणि वर्षानुवर्षे उपासमार सोसून तो निभावून नेला. त्या चळवळीच्या काळातच, १९३७ साली, त्यांनी 'कृषीवल' पत्र सुरू केले. ज्या शेतकऱ्याच्या अंगठ्याशिवाय त्याचे कुठे काही उमटत नव्हते, त्याचे म्हणणे प्रथमच खिळ्यांनी छापले जाऊ लागले. त्याला कोणी साहित्य म्हटले नाही. पण ज्याचे नाव कुठेच नव्हते त्याचे नाव कागदावर येणे ही केवढी गोष्ट असते, हे मला फार उशिरा कळले. ते कसे कळले हे सांगण्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला आहे.

त्याआधी 'रामदास'बद्दल सांगितले पाहिजे. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या. सकाळी आठच्या सुमारास 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. बोटीवर सातशेच्या आसपास माणसे. सणाला गावी निघालेली. मुंबई बंदराच्या बाहेर पडल्यावर वादळी लाटांनी ती कलंडली आणि काही मिनिटांत बुडाली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतली मासळी दर्यात फेकली आणि त्या जागी माणसे ओढून घेतली. जी वाचली त्यांतली पुष्कळशी त्यांच्यामुळे वाचली.

मी जन्मलो त्याच्या पुढच्या वर्षी. पण आमच्या घरात 'रामदास'चा विषय गणपतीच्या आरतीसारखा दर वर्षी ठरलेला असे. वडिलांचे एक मावसभाऊ त्या बोटीवर होते. वडील सांगत, "चार दिवस आम्ही पेपरची वाट पाहत होतो. नाव येईल, नाव येईल. आलं नाही. नाव आलं असतं तर रडता तरी आलं असतं." लहानपणी मला या बोलण्याचा अर्थ कळत नसे. मनुष्य गेला हे ठाऊक असताना, रडायला छापील नाव कशाला हवे? महिन्याभराने देश स्वतंत्र झाला, वर्तमानपत्रांत दुसऱ्या बातम्यांना जागा लागली, आणि आमचे ते काका सहाशेंहून अधिक या आकड्यात राहून गेले.

आता माझी गोष्ट.

१९७० नंतर दोन-तीन वर्षे झाली असतील. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला, होड्या लोटल्या, आणि त्यानंतर पाचव्या दिवशी पहाटे एक होडी खांदेरीच्या पश्चिमेला उलटली. होडीत चार जण. तिघे दुसऱ्या होडीच्या आधाराने परत आले. एक आला नाही. वय सत्तावीस. घरी आई, बायको आणि दोन वर्षांचा मुलगा.

मी दुपारी कोळीवाड्यात गेलो. त्याच्या आईला सारा कोळीवाडा बाय म्हणत असे. ती अंगणात बसून सुकटीतला केर निवडत होती. बायका भोवती होत्या, कोणी बोलत नव्हते. बायने माझ्याकडे पाहिले, "बस" म्हणाली, आणि पुन्हा निवडू लागली. दाराआड खुंटीला त्याचा एक निळा सदरा होता. तो ओला होता. खाली मातीवर थेंब पडून पडून लहानसा खळगा झाला होता. आदल्या दिवशी त्याने काढून ठेवलेला सदरा तिने सकाळी, होडी उलटल्याची बातमी आल्यानंतर, धुऊन टांगला होता.

मी रात्री बसून चाळीस ओळी लिहिल्या. दर्याचे रौद्र रूप, खांदेरीचा मिणमिणता दिवा, मातेचे काळीज, सगळे त्यात आणले. दोन दिवसांनी अंक आला. तिसऱ्या पानाच्या तळाशी चार ओळी होत्या. थळ कोळीवाड्यातील अमुक तमुक हे अमुक तारखेस पहाटे खांदेरीच्या पश्चिमेस होडी उलटून बेपत्ता झाले, सोबतचे तिघे वाचले, शोध चालू आहे. संपले. शेजारी केसांच्या तेलाची जाहिरात होती. ती चाळीस ओळींएवढी होती.

मी संतापलो. वार्ताहराचे काम सोडले. त्या चाळीस ओळी उराशी धरल्या आणि त्यांची कथा केली. कथा म्हटली की स्वातंत्र्य! नाव बदलले, गाव बदलले. पाच दिवसांनंतरची गोष्ट नारळी पौर्णिमेच्याच दिवशी घडविली, कारण ज्या दिवशी नारळ दिला त्याच दिवशी दर्याने पोर नेला यात जो चटका आहे तो पाचव्या दिवशी कुठून येणार? आणि शेवटी आई किनाऱ्यावर जाऊन, ओटी पसरून, दर्याला जाब विचारते असा प्रसंग घातला. ते वाक्य जमले तेव्हा मी स्वतःच खोलीत येरझारा घातल्याचे आठवते. पुढच्या दिवाळीत कथा छापून आली. पंचवीस रुपये मानधन आले. वाचकांची पत्रे आली. एका बाईंनी लिहिले होते की, शेवट वाचून घरातल्या कोणालाच फराळ गेला नाही. मी ते पत्र वर्षभर खिशात बाळगले.

सहा वर्षे गेली. तो दोन वर्षांचा मुलगा नऊ वर्षांचा होऊन माझ्याच वर्गात आला. हुशार होता, मिळेल ते वाची. वाचनालयाच्या कपाटातला तो जुना दिवाळी अंक त्याच्या हाती लागला, आणि आपल्या मास्तरांचे नाव पाहून त्याने तो घरी नेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाय माझ्या दारात उभी. हातात तो अंक, धुतलेल्या फडक्यात बांधलेला. ओटीवर बसली. पाणी प्याली. म्हणाली, "मास्तर, ह्यान माज्या पोराचा सगला लिवलेला हाय. नातवानं वाचून दावला. ह्या कागद कचेरीन दावला तर चालंल ना?"

मला प्रथम काही उमजले नाही. मग हळूहळू कळले. दर्यात बेपत्ता झालेल्या माणसाला कायदा सात वर्षे मेलेला समजत नाही. आता ती मुदत भरत आली होती. राहते घर नातवाच्या नावावर करावयाचे होते, सोसायटीत अडकलेले त्याचे थोडे पैसे सोडवावयाचे होते. कुठल्याशा टेबलावर विचारले होते, तो त्याच तारखेला गेला याला कागद काय? त्या वेळची नोंद सापडत नव्हती. घरात जपून ठेवलेले वर्तमानपत्राचे पान दोन पावसाळ्यांत गळक्या कौलाखाली भिजून लगदा झाले होते. आणि आता, नातवाच्या हातून, देवानेच पाठवावा तसा हा जाड, छापील, चित्राचा कागद आला होता.

मी अंक उघडला. आठ वर्षांच्या मास्तरकीत मी एवढा कधी गोंधळलो नव्हतो.

"बाय, याचा उपयोग नाही व्हायचा."

"का रं?"

"यात त्याचं नाव नाही."

"त्याचा नाव नाय?" तिने अंक माझ्या हातून घेतला, जणू आता वाचताच येणार होते. "मग ह्या कोनाचा नाव हाय?"

"मी बदललंय."

"का बदललास?"

कथेत नाव का बदलावयाचे, यावर मी साहित्य मंडळात व्याख्यान देऊ शकलो असतो. बायसमोर मला एक शब्द सुचला नाही. मी म्हणालो, "तारीखही बदलली आहे. गावही." तेव्हा ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आन् मी दर्याला ता समदा कवा बोलली? दर्याला असा कोन बोलतंय? दर्या कोनाचा ऐकतंय व्हय?"

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते ऐकवत नव्हते. कथेला उंची आणण्यासाठी मी जे जे केले होते, त्यातले एकेक नेमके तिच्या कामाचे उरले नव्हते.

मी माझ्या घरी त्या चार ओळी शोधल्या. कथेचा अंक कपाटात होता, वाचकांची पत्रे होती, मानधनाच्या मनीऑर्डरची पावती होती. त्या चार ओळी नव्हत्या. कुठल्यातरी दिवाळीला त्या चकल्यांखाली गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी रजा काढून अलिबागला गेलो. सात वर्षांत त्या छापखान्याची पायरी चढलो नव्हतो. संपादक म्हातारे झाले होते, लाल पेन्सिल तीच होती. मी काम सांगितले. त्यांनी एक शब्द न बोलता मागच्या खोलीतून त्या वर्षाची बांधीव फाइल काढली, धूळ झटकली, आणि पान उघडले. त्या चार ओळी तिथे होत्या. त्याचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, वय, तारीख, वेळ, दिशा, सोबतच्या तिघांची नावे. सगळे चार ओळींत. मी पाहतच राहिलो.

"वडिलांचं नाव मी दिलं होतं?" मी विचारले.

"तुमच्या चाळीस ओळींत मातेचं काळीज होतं," ते म्हणाले, "वडिलांचं नाव नव्हतं. सोबतच्या तिघांचीही नावं नव्हती. पोऱ्याला सायकलवरून थळला पाठवून मागवून घेतली."

सात वर्षे मी मनात धरून बसलो होतो की या गृहस्थाने माझ्या छत्तीस ओळी कापल्या. त्याने काय घातले होते, ते मी वाचलेच नव्हते. त्यांनी दोन प्रती हाताने उतरवल्या, खाली सही करून शिक्का मारला. "एक बाईंना द्या. एक तुमच्याजवळ असू द्या," म्हणाले. ती माझ्या ट्रंकेत आहे ती.

त्या प्रतीचे काम झाले. एकट्या त्या कागदाने झाले असे नव्हे. त्यात तिघांची नावे होती, त्यांतले दोघे हयात होते, त्यांच्या जबान्या झाल्या, आणि गाडे पुढे सरकले. घर नातवाच्या नावावर झाले.

आता कोणी म्हणेल, मास्तरांनी पन्नास वर्षे साहित्याची सेवा करून शेवटी बातमीच्या पायावर डोके ठेवले. तसे नाही. बातमीही खोटे बोलते, आणि पुष्कळदा बोलते. तेलाच्या जाहिरातीला चाळीस ओळी आणि माणसाला चार, हा हिशोब मी अजून माफ केलेला नाही. पुढे एकदा गाब्रिएल गार्सिया मार्केस यांची हकीकत माझ्या वाचनात आली. कोलंबिया देशातला हा मोठा कादंबरीकार तरुणपणी बोगोटाच्या 'एल एस्पेक्तादोर' या वर्तमानपत्रात बातमीदार होता. १९५५ साली तिथल्या आरमाराच्या बोटीवरून आठ खलाशी समुद्रात पडले. त्यांतला एकच दहा दिवस तराफ्यावर तरंगत जिवंत किनाऱ्याला लागला. सरकार म्हणाले, वादळ झाले. मार्केस त्या खलाशाला दिवसामागून दिवस बारीकसारीक प्रश्न विचारीत बसला, आणि त्यातून बाहेर आले की वादळ नव्हतेच. बोटीवर चोरून आणलेला घरगुती सामानाचा भार होता, तो सुटला आणि माणसे गेली. वर्तमानपत्रात त्याचे चौदा हप्ते आले. पुढे १९७० साली तेच पुस्तक झाले आणि आज ते जगभर साहित्य म्हणून वाचले जाते. त्यात शोभेसाठी तारीख बदललेली नाही. भार किती, तहान कशी लागली, कोणत्या दिवशी कोणता पक्षी दिसला, याची चौकशी म्हणजेच त्या पुस्तकाची कला. ते वाचताना मला लाल पेन्सिलवाले संपादक आठवले. कोण, कुठे, केव्हा, किती.

पण बायने मला जे शिकविले ते याच्याही थोडे पुढचे होते. ती प्रत घेऊन मी तिच्या घरी गेलो तेव्हा तिने ती देवाजवळ ठेवली. मग तो अंक काढला आणि माझ्या हातात दिला. "ता सदऱ्याचा वाच," म्हणाली.

माझ्या चौदा पानी कथेत सदऱ्याबद्दल अडीच ओळी होत्या. निळा सदरा, खुंटी, खाली मातीत थेंबांनी पडलेला खळगा. कथेच्या ओघात त्या कुठेतरी मधे राहून गेल्या होत्या. एकाही वाचकाने पत्रात त्यांचा उल्लेख केला नव्हता. मीही त्यांना फारशी किंमत दिली नव्हती. मी वाचले. ती खुंटीकडे पाहत राहिली. खुंटी तीच होती.

"ह्या मातर खरा हाय," ती म्हणाली. "तुला कोनी सांगितला?"

"कोणी नाही, बाय. मी पाहिला होता."

"मग बाकीचा पन असाच बगून लिवाचा ना."

साहित्य आणि पत्रकारिता यांच्या नात्यावर मी पुढे बरेच परिसंवाद ऐकले, एक-दोनदा बोललोही. त्या एका वाक्यापलीकडे जाणारे मला काही सापडले नाही. संपादकांच्या चार ओळींत तो सदरा मावला नसता, आणि मावावयास नको होता. माझ्या कथेत त्याचे नाव आले नसते तरी चालले असते. पण जे मी पाहिले नव्हते ते पाहिल्यासारखे लिहिले, आणि जे पाहिले होते ते अडीच ओळींत उरकले, ही माझी चूक. त्या अडीच ओळी ऐकताना बाय प्रथमच रडली. वडील म्हणत होते ते तेव्हा मला समजले. नाव हाती आले होते. आता रडता येत होते.

यालाही आता पंचेचाळीस वर्षे झाली. १९८५ साली थळ-वायशेतचा खत कारखाना सुरू झाला, गावात पक्की घरे झाली, कोळीवाड्यातल्या होड्यांना इंजिने आली. बातमी आता एस. टी.च्या कंडक्टरची वाट पाहत नाही. ती घडत असतानाच खिशातल्या फोनवर येऊन आदळते, आणि तितक्याच वेगाने खाली सरकून नाहीशी होते. ११ जुलै २०२५ रोजी खांदेरी जागतिक वारशाच्या यादीत गेला. मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत त्याचे नाव आले. आम्हां थळकरांना केवढा आनंद झाला! त्याच महिन्याच्या अखेरीस उरणच्या करंज्याहून आलेली एक मासेमारी होडी त्याच खांदेरीजवळ उलटली. आठ जण होते. पाच पोहून किनाऱ्याला लागले. तिघे लागले नाहीत. माझ्या फोनवर किल्ल्याचे अभिनंदन शेकड्यांनी आले होते. त्या तिघांबद्दल आलेल्या निरोपांत कुणी लाटांचे रौद्र चित्र जोडले होते, कुणी कवितेच्या ओळी. नावे मला दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मिळाली, आतल्या पानावर. मी ते पान कात्रीने कापून घेतले. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत.

बायचा नातू आता पंचावन्नच्या घरात आहे. त्याच्या दोन होड्या आहेत. दिवाळीला तो फराळ घेऊन येतो आणि जाताना एकदा तरी म्हणतो, "मास्तर, आजीची गोष्ट पुन्हा लिवा, नीट." मी हो म्हणतो. लिहिण्याचा धीर झाला नाही. हा लेख म्हणजे ती गोष्ट नव्हे, हे त्यालाही कळेल. येथेही मी त्याच्या बापाचे नाव लिहिलेले नाही. ते जिथे असावयास हवे तिथे, त्या चार ओळींत, वडिलांच्या नावासकट बिनचूक छापलेले आहे. मी येथे पुन्हा लिहिले तो फक्त सदरा.

"झालं का तुमचं?" आतून हाक आली आहे. चकल्यांना कागद हवे आहेत. मी पहिल्या ढिगातली पाने एकेक करून आत देतो आहे, पण प्रत्येक पान आधी उलटून, तळापर्यंत वाचून.

"अहो, तेल जळतंय!"

"देतो, देतो. हे एवढं तिसरं पान राहिलंय."